लातूर ते मुक्तिनाथ: जुन्या बोलेरोच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२३, रविवार, लातूर

गाडी २०१४ ची बोलेरो, मीटरवर १,६८,४०० किलोमीटर. आजवर तिनं शेत, मोंढा आणि लग्नसराईतलं वऱ्हाड एवढंच पाहिलंय. मामांना नेपाळात मुक्तिनाथला जायचंय. वय ६४, विमानाचं नाव काढलं की हात जोडतात. दाजी म्हणाले, "गाडी हाय की दारात, मग इमान कशाला?" म्हणून हा उद्योग. जाऊन-येऊन साधारण चार हजार किलोमीटर.

मामा माळकरी आहेत. यंदाची कार्तिकी २३ नोव्हेंबरला. पंढरी चुकली तरी एकादशीला मुक्तिनाथाच्या पायरीशी असावं, एवढीच त्यांची अट. भाऊबीज उरकून निघायचं ठरलं.

जुनी गाडी घेऊन कोणी असाच निघणार असेल तर त्याच्या कामी यावं म्हणून लिहून ठेवतोय. कुठं चुकलो तेही लिहीन.

१० सप्टेंबर

गॅरेजवाल्या चाचांनी रेडिएटरचं टोपण उघडलं, आत बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "पानी कौनसा डालते रे? बोअर का? देख, चुने की भट्टी हो गई."

खरं होतं. नऊ वर्षं शेतातल्या बोअरचं पाणी ओतत आलो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मिळेल ते पाणी गोड मानायची सवय तेव्हापासून अंगात मुरली आहे. पण आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते, तिथं रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल? सपाट रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात काही जाणवत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर अर्धा तास चढायची वेळ आली की मग हिशेब निघतो.

आधी साफ करायचा प्रयत्न केला. औषध टाकून इंजिन चालू ठेवणं, धुणं, परत औषध. दोन दिवस गेले आणि निम्म्या नळ्या बंदच राहिल्या. शेवटी नवा रेडिएटर घेतला, ७,६०० रुपये. वरचा-खालचा होज पाईप नवा, थर्मोस्टॅट नवा. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हे निम्मं-निम्मं महत्त्वाचं आहे, कारण नोव्हेंबरअखेर मुक्तिनाथला रात्री पारा शून्याखाली जातो. साधं पाणी गोठलं तर रेडिएटरच काय, ब्लॉकसुद्धा तडकू शकतो.

टोपण मात्र जुनंच लावलं. नवं २५० रुपयांना होतं. "टोपणात काय असतंय?" असं म्हणणारा मीच.

१ ऑक्टोबर

मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक पाटा जादा टाकला. छपराला कॅरिअर, त्यावर दोन स्टेपन्या, पाण्याचे कॅन, मामांच्या पिशव्या. गाडी मागून बसू नये म्हणून पाटा. चाचा म्हणाले, "सोयाबीन भरने जा रहे क्या? मत डालो." मी ऐकलं नाही. त्यांनी काम केलं आणि जाताना सांगितलं की दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट, म्हणजे कमान एक्सलला आवळून धरणारे बोल्ट, परत आवळून घे. नव्या पाट्यांचा संच दबून बसतो आणि बोल्ट सैल पडतात.

त्याच आठवड्यात सोयाबीनची काढणी लागली, पाठोपाठ दसरा-दिवाळी आली. यू-बोल्ट डोक्यातून निघून गेले.

५ नोव्हेंबर

३ तारखेच्या रात्री नेपाळात जाजरकोटला भूकंप झाला. आईनं फोन करून सांगितलं, जायचं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट तिच्यासाठी कधी संपलीच नाही. किल्लारी तिच्या माहेराहून जवळ. नकाशा उघडून दाखवला की जाजरकोट पश्चिमेला आहे, आपला रस्ता पोखऱ्यावरून जातो. तिनं नकाशाकडं बघितलंही नाही. मामांनी फोन घेतला, दोघं बहीण-भाऊ अर्धा तास बोलले. काय बोलले ते मामांनी सांगितलं नाही, पण जायचं ठरलं.

तयारीतली बाकीची कामं: पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर, फॅन बेल्ट, व्हील बेअरिंगचं ग्रीस, इंजिन ऑईल, चार नवे टायर. विम्याची मुदत तर बघितलीच, शिवाय नेपाळसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घेतलं. आपली पॉलिसी एरवी भारतापुरतीच असते, सीमेपलीकडे अपघात झाला तर ती नुसता कागद. टायर धरून आजवरचा खर्च ५८,००० च्या आसपास गेला.

१७ नोव्हेंबर, लातूर ते नागपूर

पहाटे साडेचारला गंजगोलाईतून निघालो. नांदेड, यवतमाळ, वर्धा. रस्ता सुरेख. धपाटे आणि शेंगांची चटणी, दही वाटेत घेतलं. गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पण एक चूक आधीच झाली होती, ती इथं नोंदवतो. आदल्या संध्याकाळी टाकी शेतातल्या ड्रमनं भरली. मोटारीसाठी आणलेलं डिझेल उरलं होतं, वाया कशाला घालवायचं?

१९ नोव्हेंबर, रीवाच्या पुढे

मैहरहून सकाळी निघालो. रीवा ओलांडलं, सोहागीच्या घाटाच्या अलीकडे गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. पिकअप गेला, चढ नसताना तिसरा गिअर ओढेना. दीडच्या सुमारास कडेला लावली ती बंदच झाली.

डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून कापलेल्या बाटलीत काढलं. खाली दोन बोटं पाणी, त्यात तपकिरी गंज, वर डिझेल. आमचाच ड्रम. पत्र्याचं झाकण, पावसाळाभर शेडच्या पागोळीखाली. टाकी जशी खाली आली तसं बुडाचं पाणी ढवळून फिल्टरात आलं.

जवळ दोन नवे फिल्टर होते, म्हणून मी निवांत होतो. पहिल्याची रबरी रिंगच मापाची नाही. बसवला, हातपंप मारला, बुडबुडे थांबेनात. फिल्टर एअर घेत होता. दुसरा तर चक्क दुसऱ्याच मॉडेलचा. घरी एकदा तरी बसवून बघायला हवे होते. जुना धुऊन परत लावला, तोवर रिंग फुगलेली.

या इंजिनात जुन्या ट्रॅक्टरसारखे नोजलचे पाईप सैल करून एअर काढायची नाही, हे दाजींना दोनदा सांगावं लागलं. कॉमन रेल म्हणजे जादा दाबानं डिझेल फवारणारी नवी पद्धत, तिच्यात त्या पाईपात इतका दाब असतो की उडालेलं डिझेल कातडीत घुसतं. एअर काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपानंच, तो कडक होईपर्यंत.

मेकॅनिक मिळणं हा वेगळाच प्रकार. त्या दिवशी वर्ल्डकपची फायनल. तीन गॅरेजांना फोन केले, तिघांचं एकच उत्तर, "इनिंग के बाद." भारताची २४० वर इनिंग संपली आणि मगच एक पोरगा मोटरसायकलवर योग्य फिल्टर घेऊन आला. दहा मिनिटांचं काम. फिल्टर ६५०, त्याचे ५००. पाच तास गेले. प्रयागराजला पोचेस्तोवर मॅचचा निकाल लागला होता. त्या रात्री गाडीचं दुःख कोणाला सांगावं?

२१ नोव्हेंबर, सुनौली

गोरखपूरहून सकाळी सीमेवर. भन्सार म्हणजे गाडीचा जकात परवाना, दिवसांवर पैसे. दाजी म्हणाले सहा दिवसांचा काढू, मी नऊचा काढला. त्यावरून दुपारपर्यंत कुरबूर चालली. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी मूळ कागद लागले. माणसांसाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट ठेवा, आधारवर विसंबू नका. भारतीय १०० रुपयांच्या वरच्या नोटा तेव्हा तिकडं चालत नव्हत्या, त्यामुळे शंभराची बंडलं घेऊन आलो होतो. हिशेब सोपा आहे, आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६०.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवायची. बुटवल सोडलं की चढ सुरू. रात्र तानसेनला.

नेपाळीत थोरल्या भावाला दाजु म्हणतात. रस्त्यावर कोणी कोणाला हाक मारली की आमचे दाजी मान वळवून बघतात.

२३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी, तातोपानीच्या अलीकडे

पोखऱ्याहून पहाटे निघालो. बेनीच्या पुढे पक्का रस्ता तुकड्या-तुकड्यांत, मध्ये दगडगोटे, रस्त्यावरून वाहणारे ओढे, एका अंगाला काळी गंडकी. जादा पाट्यांमुळे मागचा भाग लाकडासारखा कडक. प्रत्येक खड्ड्याला मामा छपराला टेकत होते. एकदा म्हणाले, "भाच्या, बैलगाडी बरी."

साडेअकराला मागून 'खट्ट' आवाज. पुढं गेलो तर स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी तिरकी चाललेली. उतरून बघितलं. मागचं डावं चाक मडगार्डला जवळजवळ टेकलंय, मध्ये जेमतेम दोन बोटं. उजवीकडं मात्र वीतभर अंतर. सेंटर बोल्ट तुटला होता.

झालं असं की कमानीचे सगळे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टनं बांधलेले असतात आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं. पण एक्सल खरा धरून ठेवतात ते यू-बोल्ट. ते सैल पडले की सगळा मार त्या एकट्या बोल्टवर येतो. यू-बोल्टच्या नटांना पाना लावला तर बोटानं फिरतील इतके सैल. चाचांनी दोनशे-तीनशे किलोमीटरला आवळायला सांगितले होते. आम्ही साधारण १,७५० किलोमीटर तसेच आलो.

मागून एक सवारीची जीप आली. तीही बोलेरोच, तिकडं हीच गाडी जास्त चालते आणि तेच आमचं नशीब. ड्रायव्हरनं हिंदीत सांगितलं, पुढं चार किलोमीटरवर मिस्त्री आहे, पायी चालल्यासारखं न्या. चार किलोमीटरला सव्वा तास लागला. दाजी गाडीत, मी चाकाशेजारी चालत होतो.

मिस्त्रीचं पत्र्याचं शेड. बोल्ट होता, पण डाव्या बाजूच्या यू-बोल्टचे आटे खराब झाले होते, ते बेनीहून मागवावे लागले. ते उद्या येणार.

मामा नदीवर गेले. याच नदीत शाळिग्राम सापडतात. आम्ही गाडीखाली, ते वाळवंटात वाकून दगड उलटे-पालटे करत होते. संध्याकाळी परत आले, हात रिकामे. एकादशी आहे म्हणून फराळाचंही मागितलं नाही. मला तोंड वर करून बघवेना. रात्री तातोपानीच्या गरम कुंडात अंघोळ केली, तेव्हा एवढंच म्हणाले, "इथलं पाणीबी त्याचंच की."

२४ नोव्हेंबर

यू-बोल्ट अकराला आले. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंचे जादा पाटे काढून टाकले. मी विचारलं, वजनाचं काय? तो म्हणाला, वजन कमी करा, इथं गाडी झुलली पाहिजे. तिथल्या तिथं कॅरिअर रिकामं केलं. एक स्टेपनी, पाण्याचे सगळे कॅन आणि मामांचं दहा किलो ज्वारीचं पीठ त्याच्याकडं ठेवलं, परतीला घेऊ म्हणून. पिठाचं काय करायचं, असं त्याच्या बायकोनं विचारलं, तर दाजींनी तिला हातावर भाकरी थापून दाखवली.

बिल ४,८०० नेपाळी, म्हणजे आपले ३,०००. दुपारी निघालो. पन्नास किलोमीटरनंतर मार्फ्याला यू-बोल्ट स्वतः आवळले, प्रत्येक नट अर्धा फेरा फिरला. काढलेले पाटे मागच्या सीटखाली घेतले, टाकवले नाहीत.

जोमसोमच्या या दरीत अकरा वाजले की खालून वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत. पिठासारखी धूळ. एअर फिल्टर मार्फ्यातल्या टायरवाल्याकडून हवा मारून घेतला, आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ आणखी आत रुतते.

२५ नोव्हेंबर, मुक्तिनाथ

कागबेनी २,८०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ सुमारे ३,७०० वर. मध्ये सलग चढ, रस्ता मात्र चांगला. अर्ध्यावर मामा पुढं वाकून म्हणाले, "अरं, गाडी गरम होऊलाली की." काटा वर होताच. थांबलो, तर कुलंटच्या बाटलीतून फसफसून बाहेर येतंय.

दाजी फडकं घेऊन टोपण उघडायला निघाले, त्यांचा हात धरला. गरम रेडिएटर उघडला की तोंड भाजलंच समजा. पाऊण तास थांबलो. दीड-दोन लिटर कमी झालं होतं. जवळचं एक लिटर कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ओतलं. होज कुठं गळत नव्हता, पंखा चालू, बेल्ट ठीक. मग उकळतंय कशानं?

राणीपौव्यात, म्हणजे मुक्तिनाथ मंदिराजवळच्या गावात, एका जीपवाल्यानं टोपण हातात घेतलं आणि अंगठ्यानं स्प्रिंग दाबली. ती कुठलाच जोर न देता खाली गेली. रबर वाशर कडक, त्यावर आमच्या बोअरच्या चुन्याचा पांढरा थर. ते टोपण आतला दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळे कुलंट उशिरा उकळतं. त्या उंचीवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब धरला नाही तर इंजिन फार तापलेलं नसतानाही रेडिएटर उतू जातो. लातुरात हे टोपण अजून दहा वर्षं चाललं असतं आणि मला कळलंही नसतं.

त्यानं आपलं जादा टोपण ८०० नेपाळी रुपयांना दिलं, म्हणजे आपले ५००. लातुरात नवं २५० ला मिळत होतं, हे दाजींनी त्या दिवशी चार वेळा आठवण करून दिलं.

दुपारी दर्शन. १०८ धारांखालून मामा एकामागून एक गेले. पाणी बर्फासारखं. मी तीन धारांनंतर बाहेर. मामा कुडकुडत बाहेर आले आणि म्हणाले, "द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी का हुईना." त्यांनी एकादशी माझ्या खात्यावर मांडली नाही, पण मी मांडली आहे.

रात्री गाडी पूर्वेला तोंड करून लावली. सकाळी ऊन बोनेटवर आल्यावरच सुरू केली. बॅटरी तीन वर्षांची, पण चालली.

२६ नोव्हेंबर

उतरताना दाजी गाडी चालवत होते. आपल्याकडं उतार लागला की ब्रेकवर पाय, तीच सवय. कागबेनी दिसायला लागलं तेव्हा जळकट वास आला आणि दाजी हळूच म्हणाले, "पेडल खाली चाललंय." आवाजात घाबरल्याचा मागमूस नव्हता, म्हणून मीच जास्त घाबरलो. पेडल मारत दुसरा, मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक थोडा-थोडा ओढत डोंगराच्या अंगाला गाडी घासत आणली. डाव्या आरशाचा कान गेला.

पन्नास मिनिटं थांबल्यावर पेडल परत आलं. झाकण उघडलं तर ब्रेक ऑईल चहासारखं काळपट. माझ्या यादीत 'ब्रेक' समोर बरोबरची खूण आहे. पॅड-लायनर बदलले होते, ऑईल बदलायचं सुचलं नव्हतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. जुनं झालं की लवकर उकळतं, पाईपात वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. चार वर्षं तेच ऑईल होतं.

पुढचा सगळा उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हे तिथल्या प्रत्येक जीपवाल्याला माहीत आहे. मिस्त्रीकडून स्टेपनी आणि कॅन घेतले. पीठ त्यांनी वापरायला सुरुवात केली होती, तेवढं ठेवलं.

२७ नोव्हेंबर, पोखरा

चारही चाकांचं ब्रेक ऑईल बदललं, एअर काढून घेतली. डॉट ४ दर्जाचं ऑईल. सगळं मिळून २,४०० नेपाळी, आपले १,५००. दोन तास.

२९ नोव्हेंबर

काल लुंबिनी पाहिलं. अशोकस्तंभासमोर दाजी बराच वेळ बसून होते. आज सुनौली ओलांडली. भन्सारचा नववा, शेवटचा दिवस. सहा दिवसांचा काढला असता तर काय झालं असतं, हे मी बोललो नाही. दाजींनीच विषय काढला.

१० डिसेंबर, रविवार, लातूर

३ तारखेला घरी पोचलो. आज चाचांकडं गाडी नेली. वाटेतल्या दुरुस्त्यांचा खर्च ६,१५० रुपये, आरसा वेगळा. डिझेलचा हिशेब दाजींच्या वहीत आहे. सेंटर बोल्टनं दीड दिवस घेतला, डिझेलनं पाच तास, बाकी किरकोळ.

चाचांनी तुटका बोल्ट बघितला, टोपण बघितलं, काही बोलले नाहीत. टोपण खिळ्याला अडकवून ठेवलं, आता कोणी बोअरचं पाणी घेऊन आला की त्याला दाखवतील. डिझेलचा ड्रम मी उन्हात पालथा घातला आहे.

काढलेले पाटे शेडमध्ये आहेत. ऊसतोड चालू झाली तसा धाकटा भाऊ रोज मागं लागलाय, पाटे परत टाक म्हणून. अजून टाकले नाहीत.